कानमंत्री

वादळ दुपारी आलं. अर्ध्या तासाचाच खेळ, पण तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत केळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब गेले, पत्रे उडाले आणि टेकडीवरचा मोबाईलचा टॉवर कमरेत वाकून पडला. तीन तालुक्यांचं नेटवर्क एका झटक्यात बंद झालं.

हर्षालीच्या मनात पहिला विचार आला तो अंकाचा. गुरुवार तोंडावर होता.

नेहेत्यांच्या घरात हे असंच होतं. लग्न असो की मयत, आधी अंक. आजोबांनी पायानं चालवायच्या छपाई मशीनवर 'तापीतीर' काढलं. पुढे अण्णांनी, म्हणजे हर्षालीचे वडील प्रल्हाद नेहेते यांनी, शेजारच्या तालुक्यासाठी 'केळीबन' आणि डोंगरपट्ट्यासाठी 'डोंगरकडा' सुरू केलं. तिन्ही साप्ताहिकं घरची. मोठी दैनिकं एकेक करून बंद पडली, काही नुसती फोनवर उरली, पण ही तीन छापील साप्ताहिकं टिकली. कुणाची म्हैस हरवली, कुणाची मुलगी नर्स झाली, कुठल्या गल्लीत नळ कोरडे आहेत, कुणाचा दशक्रिया विधी कुठे आहे, हे जगात दुसरं कुणी छापतच नव्हतं. आणि पहिल्या पानावर डाव्या हाताला अण्णांचं सदर असायचं, 'काठावरून'. चाळीस वर्षं एकही गुरुवार चुकला नव्हता. अंक हातात आला की लोकांची नजर आधी डावीकडे जायची.

अण्णा लिहायचे आणि हर्षाली बाकी सगळं बघायची. तिचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी नऊला ती प्रेसवर यायची, संध्याकाळी घरी जायची. अण्णा दिवसभर डोळ्यांसमोर असायचे. निदान तिला तसं वाटत होतं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बागा बघायला गेले. बांधाबांधावर माणसं उभी होती. अण्णांना बघून ती जवळ यायची, बोलायची, काही रडायची. एरवी नावानं हाक मारून घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची चौकशी करणारे अण्णा त्या दिवशी नुसते खांद्यावर हात ठेवत होते. त्यांनाही धक्का बसला असणार, असं हर्षालीनं मनाशी म्हटलं.

प्रेसवर जनरेटर होता. छपाईला अडचण नव्हती. अडचण एकच होती.

"कानमंत्री बंद आहे अण्णा," ती म्हणाली. "नेटवर्कशिवाय चालायचा नाही. तुम्ही सांगा, मी टाइप करते. पूर्वीसारखं."

कानमंत्री हे गावानं ठेवलेलं नाव. कंपनीनं ठेवलेलं नाव 'शब्दसखा' होतं, पण ते कुणी घेत नसे. अण्णांच्या सत्तरीला थोरल्या मुलानं, हेमराजनं, पुण्याहून ते भेट पाठवलं होतं. कानात बसेल असा वाटाण्याएवढा दाणा, चष्म्याच्या काडीत एक बारीक कॅमेरा, आणि टेबलावर लिहायला एक पडदा.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस बोलतो तेव्हा पुढच्या शब्दाच्या जागेसाठी मेंदूत एकाच वेळी अनेक शब्द उमेदवार म्हणून उभे असतात. मेंदू डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यातला एक निवडतो. कुणी 'पाऊस' म्हणतो, कुणी 'पाणी' म्हणतो. ही निवड म्हणजे ज्याची त्याची सवय, बोटांच्या ठशांइतकी वेगळी. हे यंत्र ती सवय शिकायचं. शिकण्यासाठी त्याला त्या माणसाचं बोलणं आणि लिहिणं लागायचं, जितकं जास्त तितकं चांगलं. बहुतेकांकडे असतं काय? फोनवरचे निरोप आणि चार जुनी पत्रं. अण्णांकडे चाळीस वर्षांचे अंक होते. कंपनीची माणसं ते स्कॅन करताना हरखून गेली होती. असं भरलेलं घर आम्हाला पहिल्यांदाच मिळालंय, असं त्यांचा साहेब म्हणाला होता.

बोलताना अण्णा थबकले की कानमंत्री अर्धवट वाक्यावरून आणि जबड्याच्या हालचालीवरून ओळखायचा की आता त्यांना कोणता शब्द हवाय, आणि तोच शब्द कानात सांगायचा. समोरून कुणी आलं की चेहरा ओळखून नाव सांगायचा. अण्णा सदर तोंडी सांगायचे तेव्हा सांडलेलं, अडखळलेलं सगळं गोळा करून पडद्यावर स्वच्छ परिच्छेद उभा करायचा, आणि तोही अण्णांच्याच वळणाचा. सत्तरी ओलांडलेल्या संपादकाला तीन साप्ताहिकांच्या धबडग्यात याचा मोठा आधार होता. चष्म्यासारखाच. चष्मा लागला म्हणून कुणी माणसाला आंधळा म्हणत नाही.

"बोला अण्णा."

अण्णा खुर्चीत सावरून बसले. घसा खाकरला.

"काल दुपारी..." ते म्हणाले आणि थांबले. "काल दुपारी ते आलं."

हर्षालीनं 'वादळ' असं टाइप केलं. "पुढे?"

"ते आलं आणि ती सगळी... ती पडली. उभी होती ती. ती, अगं... ती."

तिचे हात थांबले. "कोणती, अण्णा?"

अण्णांनी दोन्ही हात वर नेऊन हवेत लांबरुंद पानांचा आकार काढला. "ती गं! आपली! ही... बाहेर आहेत ती!"

खिडकीबाहेर प्रेसच्या कुंपणाला लागून बाग पसरली होती. कापडाच्या घड्या घालाव्यात तशी झाडं एकावर एक पडली होती. या माणसाचा जन्म त्या बागांत गेला होता. त्यांनी एका साप्ताहिकाचं नावच त्या झाडावरून ठेवलं होतं.

"केळी?" हर्षालीनं हळूच विचारलं.

"केळी," अण्णा म्हणाले. परक्या भाषेतला शब्द पहिल्यांदा उच्चारावा तसं. मग त्यांचं बोट कानाशी गेलं. त्यांनी दाणा दाबला, पुन्हा दाबला, आणि चिडून मुलीकडे पाहिलं. "हा बोलत का नाही?"

त्या आठवड्याचं 'काठावरून' हर्षालीनं लिहिलं आणि खाली अण्णांचं नाव टाकलं. सदर चांगलं उतरलं, असं लोक म्हणाले.

*

सदर सांगायला बसले होते त्याच दिवशी दुपारी ती आईकडे गेली. कुमुदताई ओसरीवर उडून आलेला पालापाचोळा गोळा करत होत्या. हर्षालीनं सगळं सांगितलं. आईच्या हातातला झाडू थांबला, पण चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"आई, तुला माहीत होतं?"

"हे माहीत नव्हतं." कुमुदताई पायरीवर बसल्या. "मला वेगळंच वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

त्यांनी झाडू बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "घरी आले की ते कानातलं काढून ठेवतात. कान दुखतो म्हणून. आणि मग गप्प. मी विचारलं तर हो, नाही, बघू. जेवण कसं झालं म्हटलं तर मान हलवणार. दोन वर्षं झाली याला. बाहेर सगळ्या दुनियेशी इतकं गोड बोलतात आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. मग वाटलं, राग नाही, मी नकोशी झाले असेन. या वयात तरी काय भांडायचं! मीही बोलणं सोडून दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बापाची कागाळी लेकीकडे करू? आणि काय सांगणार होते? नवरा बोलत नाही म्हणून?" आईनं पदर तोंडाला लावला. "हर्षू, त्यांना शब्द सापडत नव्हते गं. मला वाटलं, मी नको आहे. एवढ्याशा घरात दोन वर्षं मी त्यांच्यावर रुसून बसले. आणि त्यांना साधं 'असं नाही' म्हणता येत नव्हतं."

ओसरीच्या टोकाला आरामखुर्चीत अण्णा बसले होते. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले. बोलले काहीच नाहीत.

*

नेटवर्क आल्यावर हर्षालीनं कंपनीला फोन लावला. दोन दिवसांनी एक इंजिनिअर आली. शबाना तडवी. डोंगरपट्ट्यातल्याच एका पाड्यावरची मुलगी. दहावीचा निकाल लागला तेव्हा 'डोंगरकडा'त तिचा फोटो छापून आला होता, ते तिनं आल्या आल्या सांगितलं. मग तिनं पडद्यावरचे आकडे उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

"सुरुवातीला दिवसाला चार-पाच शब्द सुचवत होता," ती म्हणाली. "कुणाच्याही बाबतीत इतके असतात. मग वाढत गेलेत. हळूहळू, म्हणून अण्णांनाही जाणवलं नसेल. आता... ताई, आता बहुतेक शब्द त्याचेच आहेत. अण्णा सुरुवात करतात आणि शेवट तो करतो."

"म्हणजे त्याला कळत होतं?"

"कळत नाही हो त्याला. तो मोजतो."

"मोजत होता ना? मग सांगितलं का नाही?"

शबानानं मान खाली घातली. "सांग असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. बोलणं अडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आणि हे आकडे आम्ही बघत नाही, माणसाची खाजगी गोष्ट म्हणून. कुणी इतका विचारच केला नव्हता ताई. चांगलं चाललंय म्हटल्यावर कोण बघतं?"

हर्षालीला तिचा राग आला नाही. चांगलं चाललंय म्हणून तिनं तरी कुठे बघितलं होतं?

*

जळगावच्या डॉक्टर खाचणे बाईंनी अण्णांना कानातला दाणा काढायला लावला आणि अर्धा तास त्यांच्याशी गप्पा मारल्या. मग त्यांना बाहेर कुमुदताईंजवळ बसवून हर्षालीला आत बोलावलं.

"हा स्मृतिभ्रंश आहे. आणि तो कालचा नाही," त्या म्हणाल्या. "या आजारात मेंदूत एक चिकट प्रथिन साचत जातं आणि आजूबाजूच्या पेशी मरतात. माणूस रस्ता विसरतो, घर विसरतो, ते फार पुढे. त्याच्या कितीतरी आधी भाषेत दिसतं. पहिल्यांदा नावं जातात. झाडांची, वस्तूंची, माणसांची. त्यांच्या जागी 'ते', 'ही', 'तिथलं' असे शब्द येतात. वाक्यं आखूड होतात. माणूस चारचौघात अडखळायला लागतो, घरच्यांच्या लक्षात येतं, ते आमच्याकडे घेऊन येतात. हे अडखळणं म्हणजे आम्हाला मारलेली हाक असते, असं समजा."

"आणि ती हाकच आम्हाला ऐकू आली नाही."

"तुमच्या यंत्रानं ती दर वेळी भरून काढली."

"औषध आहे ना आता, मॅडम? मी वाचलंय. आम्हीच छापलंय. महिन्यातून एकदा सलाइन."

"आहे. फार चांगलं औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते वाळवीच्या औषधासारखं आहे. वाळवी मारतं, खाल्लेलं लाकूड परत आणत नाही. चौकट शाबूत असताना दिलं तर माणूस पंधरा-वीस वर्षं जसाच्या तसा राहतो. तुमच्या वडिलांची चौकट..." त्यांनी पडद्यावरचं चित्र तिच्याकडे वळवलं. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर मी आज हसत बोलले असते."

हर्षाली म्हणाली, "पण मागच्या वर्षी ती साठीपुढच्यांची सरकारी तपासणी झाली होती. फोनवर पाच मिनिटं बोलायचं, चित्रातल्या वस्तूंची नावं सांगायची. त्यात अण्णा पास झाले होते. उत्तम असा शेरा होता."

"तपासणीच्या वेळी कानात हे होतं?"

हर्षालीला ती सकाळ स्वच्छ आठवली. अण्णा फोन घेऊन खुर्चीत बसले होते, थोडे घाबरलेले. त्यांनी दाणा काढून टेबलावर ठेवला होता. आणि तिनं तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवत म्हटलं होतं, अहो अण्णा, हे राहिलं की तुमचं. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं तो कानात घातला. त्या पाहण्यात काय होतं? सुटल्याचा आनंद होता? की काही सांगायचं होतं? तेव्हा ती फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी जाहिरातीचं बोलत होती.

"हो," ती म्हणाली. "होतं."

परतीच्या वाटेवर अण्णांनी दाणा पुन्हा कानात घातला होता. गाडी भुसावळच्या पुढे आली तेव्हा ते अचानक म्हणाले, "हर्षे, तू फार दमतेस गं. सगळा भार तुझ्या एकटीवर टाकलाय मी. कधी बोललो नाही, पण मला दिसतं बरं का."

इतकी वर्षं तिला हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. वाक्य अण्णांचंच होतं. शब्द, ठेका, तो 'बरं का', सगळं त्यांचं. पण ते बोललं कोण, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

*

हेमराज पुण्याहून धावत आला. त्यानं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, मग प्रेसच्या मागच्या खोलीत बहिणीसमोर बसला.

"सदर बंद करायचं नाही," तो म्हणाला. "यंत्राला चाळीस वर्षांचे अण्णा पाठ आहेत. ते लिहीत राहील. दोन वर्षं आपल्याला कळलं नाही, वाचकांना कुठून कळणार?"

"दादा, आपल्याला कळलं नाही म्हणूनच तर हे झालं."

"झालं ते झालं गं. आता लपवून काय बिघडणार आहे? लोकांना अण्णा हवेत. 'काठावरून' नसेल तर तीनही अंक कोण घेणार आहे?"

"अण्णांच्या नावावर अण्णांनी न लिहिलेलं छापायचं?"

"मागच्या आठवड्यात तू काय केलंस?"

हर्षालीनं समोरचा अंक उलटा करून ठेवला. हेमराजचा आवाज खाली आला. "मी भेट दिलं होतं ते. सत्तरीची भेट. रोज संध्याकाळी प्रेसवरून फोनवर दहा मिनिटं माझ्याशी बोलायचे, जुन्या गोष्टी काढायचे. मी बायकोला सांगायचो, बघ, सत्तरीतही काय तल्लख आहे माझा बाप." त्यानं डोळे पुसले. "मला त्यांच्याशी बोलायचंय हर्षू. मी फोन करेन तेव्हा तेवढं ते कानात घालत जा त्यांच्या. एवढं कर."

दारात कुमुदताई उभ्या होत्या. दोघांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"तुझ्या फोनपुरतं घाल," त्या मुलाला म्हणाल्या. "तू लांब असतोस. पण घरात मला ते नको. दोन वर्षं मी गैरसमजात काढली. आता जे उरलंय, मोडकं-तोडकं, ते तरी मला खरं मिळू दे."

*

त्या आठवड्यापासून हर्षाली रोज सकाळी आईकडे जाऊ लागली. अण्णांच्या कानात काही नसायचं. त्यांना मात्र अंकाची आठवण राहिली होती. बुधवार त्यांच्या अंगात मुरलेला होता. त्या दिवशी ते पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसून राहायचे.

"सांगा अण्णा," पहिल्याच बुधवारी ती म्हणाली. "जे येईल ते सांगा. मी काही जोडणार नाही."

अण्णा खूप वेळ समोर बघत राहिले. मग बोलू लागले. एकेका वाक्यामागे केवढी तरी शांतता होती. तिनं एकही शब्द पुढे केला नाही. जीभ चावून बसली. कुमुदताई शेजारी भाजी निवडत होत्या, त्यांचे हातही थांबले होते.

गुरुवारी तिन्ही साप्ताहिकांत डाव्या हाताला, चाळीस वर्षांच्या त्याच जागी, एवढंच छापलं गेलं:

'परवा मी तिथे गेलो. ते नव्हते. ते असते तर म्हणाले असते. ती पडली आहेत. पण खालून हिरवं येतं ते येतंच. ते कापलं तरी येतं. मी बघितलं. पूर्वी मी सगळं त्याला सांगायचो. आता तो नाही. ती मला म्हणाली घरी चला. मी आलो. ते बरं झालं.'

आणि त्याखाली हर्षालीच्या नावानं लिहिलं होतं की अण्णांना स्मृतिभ्रंश झाला आहे, गेली दोन वर्षं या सदरातलं किती त्यांचं आणि किती यंत्राचं हे आम्हाला सांगता येत नाही, वाचकांनी क्षमा करावी, हे सदर आज संपत आहे. हेमराजला तिनं मजकूर आधी वाचून दाखवला होता. तो नाही म्हणाला नव्हता. नुसता फोन धरून राहिला होता.

त्या दिवशी प्रेसवर माणसांची रीघ लागली. काही चिडले, आम्हाला फसवलंत म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ आले, बाकावर बसले, पाणी प्यायले आणि निघून गेले. दुपारी लोटन सपकाळे आले. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, हाताला ग्रीस तसंच. गेल्या वर्षी त्यांची मुलगी पूनम ड्युटीवरून येताना अपघातात गेली होती. 'काठावरून'मध्ये अण्णांनी तिच्यावर लिहिलं होतं. ते कात्रण लॅमिनेट करून लोटनभाऊंनी तिच्या फोटोखाली लावलं होतं. येताना ते काढून सोबत आणलं होतं.

"ताई, एक विचारू?" त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं. "आमच्या पूनमचं हे... हे अण्णांनी लिहिलं, का त्या मशीननं?"

हर्षालीनं कात्रणाकडे पाहिलं. 'पूनम रात्रपाळीहून येताना रोज वाटेत एका म्हातारीला गोळी द्यायला थांबायची. ती म्हातारी अजून दार उघडं ठेवते.'

"मला माहीत नाही, भाऊ."

"मशीनमधे निघतं म्हणे. कोणाचा शब्द कोणता ते."

"निघतं. कंपनीला सांगितलं तर ते काढून देतील." तिनं फोन हातात घेतला. "तुम्हाला हवं असेल तर आत्ता विचारते."

लोटनभाऊ कात्रणावरून अंगठा फिरवत राहिले. प्लॅस्टिकवर ग्रीसचा डाग उमटला, तो त्यांनी बाहीनं पुसला.

"त्या म्हातारीचं आम्हाला बी ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "हे वाचून मी तिच्याकडे गेलो. खरंच दार उघडं ठेवते ती. आता मी जातो गोळी द्यायला." ते उठले. कात्रण छातीशी धरलं. "नका विचारू ताई. असू द्या."

ते गेल्यावर हर्षाली बराच वेळ फोन हातात धरून बसली. मग तिनं शबानाला एकच निरोप पाठवला, की अण्णांचे सगळे आकडे पुसून टाका. त्या म्हातारीकडे अण्णा गेले असणार, यंत्राला पाय नव्हते. एवढं तिला पुरेसं होतं. पुरेसं नव्हतं, पण पुरवून घ्यायचं होतं.

*

संध्याकाळी ऊन कलल्यावर ती अंक घेऊन आईकडे गेली. अण्णा ओसरीवर बसले होते. ताज्या शाईचा वास आला तसे त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. अंक छापून आल्यावर चुका शोधायच्या, ही जुनी सवय. त्यांनी मांडीवर अंक पसरला आणि नजर डावीकडे नेली.

हर्षालीला एकदम वाटलं, हे आपण का आणलं? कुमुदताईंनी तिच्याकडे पाहिलं. उशीर झाला होता.

अण्णा ओठ हलवत वाचत होते. वाचायला त्यांना येत होतं, सावकाश का होईना. पहिल्या 'ते' खाली त्यांनी लाल रेघ मारली. दुसऱ्या 'ते' खाली मारली. 'ती' खाली मारली. प्रत्येक ठिकाणी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. कोण ते? कोण ती? चाळीस वर्षं वार्ताहरांच्या बातम्यांवर त्यांनी असंच केलं होतं. शेवटाला येईपर्यंत मजकूर लालभडक झाला होता.

"हे..." त्यांनी अंकावर बोट आपटलं. "हे कोणाचं?"

"नवीन आहेत एक जण," हर्षाली म्हणाली. "शिकतायत अजून."

अण्णांनी मान हलवली. नाही, नाही. शब्दासाठी त्यांनी हवेत हात फिरवला. कुणीही तो पुढे केला नाही. दोघी वाट बघत राहिल्या.

"शिकणारा... असा नाही चुकत," अण्णा म्हणाले. "शिकणाऱ्याचं येतं. एकेक येतं. ह्याचं..." त्यांनी पुन्हा तो लाल झालेला मजकूर पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरची संपादकाची आठी हळूहळू विरली आणि तिथे फार कणव आली. "ह्याचं जातंय."

कुमुदताई उठून त्यांच्या खुर्चीजवळ आल्या.

"घरी आहे का..." अण्णांनी विचारलं, "ह्याला कुणी?"

"आहे," कुमुदताई म्हणाल्या.

अण्णांनी समाधानानं मान डोलावली, पेनाला टोपण लावलं आणि पान उलटलं.